पाटामागून आलेला शेतकरी

पाथरीहून दक्षिणेची वाट धरली कीं गोदावरीचें पात्र लागतें. वाटेंत दोहों बाजूंस काळी, खोल आणि उन्हाळ्यांत हातहात भेगाळणारी जमीन दिसते. या जमिनींत पिढ्यान् पिढ्या ज्वारी, कापूस, तूर आणि करडई पिकत आली. गोदावरी शिवाराच्या उशाशीं वाहे. परंतु तिचें पाणी रानांत येत नसे. नदी आणि शेत यांमधील हा अबोला मोडण्यास १९७६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं पैठणच्या जायकवाडी धरणाचें उद्घाटन झालें, आणि त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा पुढें परभणी जिल्ह्यांत व पाथरीच्या शिवारांत पाणी घेऊन आला.

जेथें पाट येतो तेथें पाटामागून माणसेंहि येतात, असा सर्व जगाचा अनुभव आहे. कोणी मजुरीसाठीं येतो, कोणी व्यापारासाठीं. आणि कोणी बैल, अवजारें व बायकामुलें घेऊन परक्या गांवच्या मातींत आपलें नशीब पेरण्यासाठीं येतो. या तिसऱ्या मनुष्यासंबंधीं आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे. तो कोठून येतो, त्याचें कुटुंब कसें राहतें, तो नव्या मुलखाला काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो, या प्रश्नांचा विचार पाटाच्या कांठीं राहणाऱ्या प्रत्येकानें करण्यासारखा आहे.

परमुलखीं जाऊन रान वहितीस आणणाऱ्या शेतकऱ्याचें चित्र इंग्रजी ग्रंथांत बहुधा स्कॉटलंडच्या मनुष्याचें असतें, आणि त्यास कारणहि आहे. एकोणिसाव्या शतकांत त्या लहानशा देशांतून हजारों कुटुंबें कानडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या दूरच्या भूमींत जाऊन राहिलीं. उदाहरणादाखल न्यूझीलंडचा ओटागो प्रांत घ्या. १८४८च्या मार्च व एप्रिल महिन्यांत ‘जॉन विक्लिफ’ आणि ‘फिलिप लेंग’ हीं दोन जहाजें तेथें पोंचलीं. त्यांतून उतरलेल्या बहुसंख्य स्कॉच लोकांच्या नव्या गांवाचें नांव डनेडिन. एडिंबरो या त्यांच्या राजधानीचें जुन्या गेलिक भाषेंतील नांव तें हेंच. आरंभींचीं घरें कुडाचीं. वर गवताचें छप्पर. पुरुष झुडपें तोडी आणि जमीन फोडी. बायको गाय राखी, लोणी करी, कोंबड्या पाळी आणि त्या लोण्या-अंड्यांच्या पैशावर पहिलें पीक हातीं येईपर्यंतचे दिवस काढी. अशा कुटुंबांच्या चिकाटीचें कौतुक करावें तेवढें थोडें आहे.

पण या चित्राची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ही भूमि ओसाड नव्हती. तेथें न्गाय ताहू हे माओरी लोक राहत होते. १८४४ सालीं त्यांच्याकडून सुमारें ४ लक्ष एकर जमीन अवघ्या २,४०० पौंडांस घेण्यांत आली. म्हणजे एकरास दीड पेनीहि पडली नाहीं. तीच जमीन वसाहतवाल्यांस एकरीं २ पौंड, म्हणजे ४८० पेनी, या दरानें देऊं करण्यांत आली. नांगर धरणाऱ्या गरीब स्कॉच शेतकऱ्यानें हा व्यवहार केला नव्हता. तथापि तो ज्या शेतांत घाम गाळीत होता त्या शेताखालीं हा हिशेब गाडलेला होता. तो १५० वर्षांनीं वर आला. १९९८ सालीं न्यूझीलंडच्या सरकारनें कायदा करून न्गाय ताहू लोकांची क्षमा मागितली आणि त्यांस भरपाई दिली. परमुलखीं रुजणाऱ्या शेतकऱ्याच्या कथेला असे दोन अध्याय असतात. पहिला श्रमाचा व दुसरा हिशेबाचा. पहिला आपण आवडीनें वाचतों. दुसऱ्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत अशी कथा घडली आहे काय? सात समुद्र ओलांडून नव्हे, परंतु चाळीसेक मैलांचें अंतर तोडून ती घडली आहे, आणि माझ्या मतें ती स्कॉच कथेइतकीच मोलाची आहे. ती कथा सासवडच्या माळी शेतकऱ्यांची.

सासवड हें पुणें जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यांतील कऱ्हा नदीकांठचें गांव; संत सोपानदेवांच्या समाधीमुळें सर्व वारकऱ्यांस ठाऊक असलेलें. या भागांत पाऊस बेताचा आणि चांगली जमीन थोडी. अशा ठिकाणीं विहीर खणून, मोट लावून, वाफ्यावाफ्यानें पाणी फिरवून भाजीपाला, फुलें आणि थोडा ऊंस काढणें हा माळ्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. विहिरीचें पाणी बैलाच्या मानेवर आणि मनुष्याच्या खांद्यावर चढत असल्यामुळें त्याच्या प्रत्येक भांड्याची किंमत या लोकांस कळत होती. जमीन मात्र अपुरी होती. हातीं विद्या आहे, पण ती चालविण्यास क्षेत्र नाहीं, अशी त्यांची स्थिति होती.

त्याच सुमारास नीरा नदीच्या खोऱ्यांत एक उलट स्थिति निर्माण झाली. १८७६-७७च्या भयंकर दुष्काळांत लोकांना काम देण्यासाठीं म्हणून नीरेच्या डाव्या कालव्यास हात घालण्यांत आला, आणि १८८५च्या सुमारास त्यांतून बारामतीकडे पाणी वाहूं लागलें. बारामती-इंदापूरचा मुलूख पर्जन्यछायेंतला. वर्षाकांठीं वीसेक इंच पाऊस, तोहि भरंवशाचा नाहीं. अशा तहानलेल्या मुलखांत कालव्याचें पाणी येतांच शेतकरी त्यावर तुटून पडतील अशी सरकारी अधिकाऱ्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत तसें झालें नाहीं. पाऊस बरा झाला कीं पाण्यास मागणी नसे. पावसानें दगा दिला कीं सर्वांस एकदम पाणी हवें असे. दुष्काळासाठीं बांधलेला कालवा दुष्काळीं अपुरा आणि सुकाळीं रिकामा, असा प्रकार अनेक वर्षें चालला.

यावरून तेथील शेतकरी आळशी किंवा अडाणी होता असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. त्याचा हिशेब त्याच्या परीनें बरोबर होता. ज्वारीबाजरीस पाण्याची पट्टी परवडत नाहीं. पट्टी परवडावी असें पीक म्हणजे ऊंस. पण ऊंस म्हणजे बारा महिन्यांची, आणि आडसाली लावण असेल तर सोळा ते अठरा महिन्यांची गुंतवणूक. त्याला बेणें लागतें, गाड्यांनीं शेणखत लागतें, पेंड लागते, आठदहा दिवसांच्या अंतरानें पाणी लागतें आणि शेवटीं गूळ करण्यास चरक, काहील व जाणता गुळव्या लागतो. ज्याच्या घरीं सावकाराचें देणें आहे आणि ज्यानें आयुष्यांत केवळ कोरडवाहू शेती केली आहे, त्यानें या जुगारांत उडी कां घ्यावी? पाणी दारांत आलें होतें. पाण्याची विद्या आली नव्हती.

ती विद्या सासवडकर माळ्यांनीं आणली. कालवा वाहूं लागल्यावर हळूहळू त्यांचीं कुटुंबें बारामतीच्या बाजूस येऊं लागलीं. त्यांच्यापाशीं तेथें वतन नव्हतें, घर नव्हतें, गांवकीचा मान नव्हता. त्यांनीं स्थानिक मालकांकडून कांहीं वर्षांच्या मुदतीनें खंडानें जमीन घेतली. येथें स्कॉच शेतकऱ्यांत आणि त्यांच्यांत मोठा भेद दिसतो. स्कॉच मनुष्य मायदेशीं दुसऱ्याचें कूळ होता आणि परदेशीं जाऊन मालक झाला. सासवडकर माळी स्वतःच्या गांवीं लहान कां होईना मालक होता आणि परगांवीं जाऊन कूळ झाला. तेथें जमीन स्वस्त होती आणि बाजार दूर होता. येथें एकेक एकर कोणाच्या तरी नांवावर होता, आणि पुण्याची पेठ बैलगाडीच्या टप्प्यांत होती. एकाचा विश्वास जमिनीच्या विस्तारावर, तर दुसऱ्याचा पाण्याच्या बेतावर.

अशा कुटुंबाचें पहिलें वर्ष डोळ्यांसमोर आणूं या. भाऊबंदांपैकीं एकदोघे पुढें येत. घरचा मळा राखण्यास कोणी सासवडास राही. रानाच्या कडेला खोप पडे. प्रथम जमिनीचा उतार पाहून दंड काढावयाचे, कारण पाणी चढावर जात नाहीं आणि उतारावर थांबत नाहीं. मग सऱ्या-वरंबे आणि बेण्याची निवड. उसाच्या टिपऱ्या तोडून डोळे पाहून घेणें, त्या सरींत दाबणें, तण खुरपणें, उसाला भर देणें, या कामांत बायका पुरुषांच्या बरोबरीनें असत. खुरपणीचा तर सारा भार त्यांच्यावरच. रात्रीं पाळी आली तर कंदील घेऊन दारें धरावयास जावें लागे. पाटकऱ्यानें पाणी सोडलें आणि दारें धरणारा झोंपला, तर एका सरींत तळें सांचावें आणि दुसरी कोरडी राहावी. पाण्याची पाळी सणवार जाणत नाहीं आणि आजारपणहि जाणत नाहीं.

ऊंस तयार झाला कीं गुऱ्हाळ लागे. चरकावर बैल फिरत. रस काहिलींत पडे. खालीं चुलवाणांत उसाचेंच चिपाड आणि पाचट जळे. मळी काढून टाकणें, उकळीचा रंग ओळखणें, नेमक्या क्षणीं काहील उतरविणें हें गुळव्याचें कसब. काहील क्षणभर अधिक राहिली तर गूळ करपे. लवकर उतरली तर ढेप बसत नसे. शंभर मण उसापासून दहा-अकरा मण गूळ निघे. म्हणजे वर्षभराच्या कष्टाचा दशांश ढेपेंत उतरे, आणि त्या ढेपेचा भाव पुण्याच्या पेठेंत दुसरा कोणी ठरवी. गुऱ्हाळाच्या हंगामांत घरचीं माणसें रात्रंदिवस जागीं असत. येणाऱ्याजाणाऱ्यास रस पाजण्याचा रिवाज होता, आणि परक्या गांवांत स्नेह जोडण्याची हीच पहिली संधि असे.

या लोकांच्या यशाचें कारण कोणी केवळ त्यांच्या धाडसांत शोधील, तर तें अपुरें ठरेल. धाडस पुष्कळांपाशीं असतें. त्यांच्यापाशीं आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली गोष्ट म्हणजे हिशेब. कोणत्या रानास किती गाड्या खत घातलें, पेंड केव्हां दिली, पाळी किती दिवसांनीं मिळाली, एकरीं ढेपा किती उतरल्या, याची पक्की आठवण त्यांच्यापाशीं असे, आणि त्यावरून पुढील वर्षाचा बेत ठरे. दुसरी गोष्ट म्हणजे जूट. एक कुटुंब आलें कीं त्याच्या आधारानें सोयऱ्यांचें दुसरें येई. चरक, काहील, बैल आणि गरजेपुरती रक्कम हीं एकमेकांच्या विश्वासावर फिरत. एका घराचा ऊंस बुडाला तर तें घर मुळापासून उखडलें जाऊं नये एवढा आधार त्या जुटींत होता. एकाकी मनुष्यानें जंगल तोडून राज्य उभारलें अशा कथा ऐकावयास गोड लागतात. खरा परमुलखीं रुजणारा शेतकरी एकटा कधींच नसतो.

त्यांच्या मळ्यांचा परिणाम शेजाऱ्यांवर झाल्याविना राहिला नाहीं. बांधापलीकडून पाहणारा स्थानिक शेतकरी काय शिकत होता, हें लगेच दिसून आलें नाहीं. परंतु एक पिढी लोटतांच बारामतीकडील मूळचे शेतकरीहि ऊंस लावूं लागले, खत-पाण्याचें गणित मांडूं लागले, आणि खंडाची मुदत संपतांच आपली जमीन आपणच करूं लागले. मग सासवडकर पुढें निघाले. जसजसे नवे कालवे झाले, तसतसे ते गोदावरीच्या कालव्यांवर कोपरगांवकडे, प्रवरेच्या कालव्यांवर श्रीरामपूरकडे आणि नीरेच्या उजव्या कालव्यावर माळशिरस तालुक्यांत गेले. आज श्रीरामपूरच्या महाविद्यालयास ज्यांचें नांव आहे ते रावबहादूर नारायणराव बोरावके हे याच समाजांतले. पाटाच्या कांठीं कमावलेला पैसा पुढें विद्येच्याहि कामीं आला, याची ती खूण आहे.

इतकें सांगून थांबलों असतों तर ही कथा केवळ गौरवाची झाली असती. परंतु आरंभीं मी दोन अध्याय सांगितले होते. आतां दुसऱ्याकडे वळूं.

काळी जमीन पाणी धरून ठेवते, हा तिचा गुण. तोच पाटाखालीं तिचा दोष होतो. खोल काळ्या मातींतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. वरून वर्षभर उसाला पाणी मिळत राहिलें, शेजारून कालवा पाझरत राहिला आणि नाले बुजलेले असले, तर जमिनीच्या पोटांतील पाण्याची पातळी वर्षानुवर्षें चढत जाते. तें पाणी पृष्ठभागाच्या जवळ आलें कीं, दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतें. ऊन त्याची वाफ करून नेतें आणि त्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. प्रथम उन्हाळ्यांत मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. मग पीक पिवळें पडतें. शेवटीं जमीन चोपण होते. नांगर लावला तर ढेकूळ निघतें, पेरलें तर उगवत नाहीं. नीरेच्या खोऱ्यांत कालवा येऊन पंचवीस वर्षें होतात न होतात तोंच ही व्याधि स्पष्ट दिसूं लागली. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं १९१० सालीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं आपला अभ्यास प्रसिद्ध केला. अधिक पाणी म्हणजे अधिक पीक, ही समजूत चुकीची असल्याचें त्यांतून दिसून आलें.

यांत दोष कोणाचा? पाणी सोडणाऱ्या खात्याचा, निचऱ्याचे चर न खणणाऱ्या व्यवस्थेचा, पाणी देणाऱ्या शेतकऱ्याचा, असा तो वांटलेला आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. जो खंडानें जमीन करतो त्याची नजर मुदतीपलीकडे जाणें कठीण असतें. चारसहा वर्षांत खर्च भरून काढावयाचा, तर जमिनीस विसांवा देण्याचा विचार त्यानें कशाच्या बळावर करावा? जमीन बिघडली तर तो दुसऱ्या कालव्यावर जाऊं शकतो. मूळ मालकास मात्र त्या पांढऱ्या पडलेल्या रानाशेजारींच राहावें लागतें. स्थलांतर करण्याची जी तयारी या शेतकऱ्याचा मोठा गुण, तिच्याच आड मातीचें दुर्दैव लपलेलें होतें. हा त्या मनुष्याच्या स्वभावाचा दोष नसून खंडाच्या व्यवहाराचा दोष होय.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न झाले. १९०३च्या सुमारास प्रसिद्ध अभियंते मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं मुंबई इलाख्यांत काम करीत असतांना नीरा कालव्यावर गटवार पाणी देण्याची पद्धति पुढें आणली. तिला ‘ब्लॉक’ पद्धति म्हणतात. शेतकऱ्यास अनेक वर्षांच्या पाण्याची हमी द्यावयाची, परंतु त्याच्या गटाच्या सुमारें एक तृतीयांश क्षेत्रांतच ऊंस घेऊं द्यावयाचा. उरलेल्या भागांत फेरपालटीनें दुसरीं हलकीं पिकें. यामुळें शेतकऱ्यास दूरचा विचार करण्यास आधार मिळाला आणि मातीस विसांवाहि. पुढें १९३२ सालीं नीरा खोऱ्यांतच पाडेगांव येथें उसाच्या संशोधनाचें केंद्र निघालें. जुन्या पुंड्या उसाची जागा पुढें कोइमतूरच्या ‘को ४१९’सारख्या नव्या जातींनीं घेतली.

त्याच १९३२ सालास या कथेंत आणखी एक महत्त्व आहे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत गुळाचे भाव कोसळले आणि पेठेवर विसंबून असलेल्या मळेवाल्याचें कंबरडें मोडण्याची वेळ आली. दुसरीकडे हिंदुस्थान सरकारनें साखरेच्या धंद्यास संरक्षण देणारा कायदा १९३२ सालीं केला. सासवडकर माळ्यांनीं ही संधि ओळखली. आजवर चरक आणि काहील ज्यांनीं एकमेकांस उसनी दिली होती, त्यांनीं आतां भांडवल एकत्र करून ‘दि सासवड माळी शुगर फॅक्टरी’ स्थापन केली. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ ज्या माळावर ती उभी राहिली त्याचें नांव माळीनगर. शेतकऱ्यांनीं स्वतः उभारलेल्या आपल्या देशांतील पहिल्या साखर कारखान्यांत तिची गणना होते. प्रवरानगरचा प्रसिद्ध सहकारी कारखाना १९५०चा. म्हणजे त्याच्याहि आधीं जवळजवळ दोन दशकें हा प्रयोग झाला होता. खोपींत राहणारीं कुटुंबें आतां घरें, शाळा आणि देवळें बांधून राहूं लागलीं. जाणारे आतां राहणारे झाले.

पण खंडाच्या जमिनींचा हिशेब तेवढ्यानें मिटला नाहीं. एकोणीसशें वीस-तीसच्या दशकांत कालव्यांवर निरनिराळ्या साखर कंपन्यांनीं मोठालीं क्षेत्रें शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडानें घेतलीं होतीं. १९६१ सालीं महाराष्ट्रांत शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. कंपन्यांच्या मळ्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या आणि त्या चालविण्यासाठीं १९६३ सालीं शेती महामंडळ स्थापन झालें. ज्यांच्या वाडवडिलांनीं त्या जमिनी खंडानें दिल्या होत्या ते ‘खंडकरी’ शेतकरी आपली जमीन परत मागत राहिले. दोन पिढ्या मोर्चे, निवेदनें आणि न्यायालयें यांत गेल्या. अखेर कायद्यांत दुरुस्ती होऊन २०१२पासून त्यांस जमिनींचें वाटप सुरू झालें. न्यूझीलंडांत १९९८ सालीं जें घडलें त्याची आठवण येथें होते. प्रसंग भिन्न आहेत, माणसें भिन्न आहेत. परंतु जमिनीचा हिशेब कितीहि वर्षें झांकून ठेवला तरी तो पुन्हा मांडावा लागतोच, एवढें दोन्हीकडे सारखें आहे.

आतां पुन्हा गोदावरीच्या कांठीं येऊं. पाथरी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होती. त्या राज्यांतहि पाटामागून शेतकरी आल्याचें ठळक उदाहरण आहे. १९३१च्या सुमारास निजामाबादकडे मांजरा नदीवरील निजामसागर पुरा झाला, आणि त्याच्या पाण्यावर शेती करण्यासाठीं कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडील तेलुगू शेतकरी तेथें येऊन राहिले. त्यांच्या वस्त्यांस लोक ‘कॅम्प’ म्हणूं लागले. तेथेंहि तोच क्रम दिसतो. स्थानिकांपाशीं जमीन, आगंतुकापाशीं पाण्याची विद्या. प्रथम संशय, मग अनुकरण, आणि पाठोपाठ मालकी कोणाची हा प्रश्न.

पाथरीच्या बाजूस मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. येथें पाट येण्याआधीं आणि आल्यानंतरहि येथून माणसें दुसऱ्यांच्या पाटावर जात राहिलीं. बीड आणि परभणी या जिल्ह्यांतून दरसाल हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास गाड्यांत संसार भरून पश्चिमेकडे ऊंस तोडण्यास निघतात. ज्या कालव्यांवर सासवडकर माळ्यांनीं आरंभीं ऊंस लावला, त्याच मुलखांत गोदावरीकांठचा कोयता आज चालतो. तीहि परमुलखीं जाणारीं शेतकऱ्यांचींच कुटुंबें आहेत. तीहि खोपींत राहतात. त्यांच्याहि बायका पहांटेपूर्वीं उठून भाकरी थापतात आणि मग फडांत उतरतात. भेद एवढाच कीं एक कुटुंब पाण्याची विद्या व थोडें भांडवल घेऊन गेलें आणि रुजलें. दुसरें केवळ हातांचें बळ आणि मुकादमाची उचल घेऊन जातें आणि सहा महिन्यांनीं परत येतें. कष्टांत दोघांचा क्रम सारखाच लागेल. फळांत लागत नाहीं. म्हणून केवळ कष्टानें मनुष्य परक्या मातींत रुजतो असें जे म्हणतात, त्यांनीं या दोन कुटुंबांकडे एकाच वेळीं पाहावें.

जायकवाडीचें पाणी पाथरीस कधीं पुरतें, कधीं पुरत नाहीं. तथापि ऊंस येथेंहि आला आहे. येथील माती नीरेकांठच्या काळ्या मातीच्याच जातीची, निचऱ्यास जड. तेव्हां नीरेच्या खोऱ्यानें जो धडा मोठी किंमत देऊन घेतला तो येथें पुन्हा विकत घेण्याचें कारण नाहीं. पाळी आली म्हणून पाणी न देतां पिकाची गरज पाहून द्यावें; उसामागून ऊंस न घेतां फेरपालट करावी; नाले व चर मोकळे ठेवावे; आणि मातीवर पांढरा थर दिसतांच तिकडे दुर्लक्ष करूं नये. परभणीस कृषि विद्यापीठ १९७२पासून आहे. मातीची परीक्षा करून घेण्यास आतां पुण्यास जावें लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगून हें भाषण पुरें करितों. आपल्या गांवांत बाहेरचा शेतकरी खंडानें जमीन करण्यास आला, तर त्याच्याकडे केवळ संशयानें पाहूं नये. त्याच्याकडून शिकण्यासारखें बरेंच असतें. बारामतीकर शिकले आणि पुढें गेले. पण जमीन देतांना मुदत, पाणी, खत आणि निचरा यांविषयींच्या अटी कागदावर स्पष्ट असाव्यात. आणि जमीन परत येईल तेव्हां ती कोणत्या स्थितींत असावी हेंहि त्यांत लिहिलेलें असावें. येणाऱ्यानेंहि एवढें ओळखावें कीं, आपण ज्या मातींत पीक घेतों तिच्यावर आपल्या आधीं कोणाचा तरी जीव होता आणि आपल्या मागें कोणाला तरी त्याच मातीवर जगावयाचें आहे. सासवडकर माळी बारामतीस आला तेव्हां तो उत्तम बागायतदार होता. तो तेथला खरा रहिवासी झाला तो माळीनगरसारखें गांव बांधून, आपलें भांडवल आणि आपलीं मुलें त्याच मातीच्या स्वाधीन करून. परक्या भूमींत पहिलें पीक काढणारा शेतकरी शूर खरा. परंतु पन्नासाव्या वर्षींहि त्याच शेतांत पीक उभें राहील अशी काळजी जो वाहतो, त्यालाच त्या भूमीनें आपला म्हणावें.